चौथ्या संचाची पट्टी

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी, लग्नाला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मास्तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून भिंतीवरच्या फळ्यातून एक लाल पट्टी ओढून काढत होते. पट्टी निघत नव्हती. खाचेत जुना रंग धरला होता. त्यांनी खिशातली किल्ली पट्टीखाली घालून ती जरा उचकटली.

"जुन्या केंद्राचा दुसरा काढताय का?" खालून मागणीवालीनं विचारलं.

"काढतोय. तुमची मागणी मावत नाही एप्रिलात."

"माझी मागणी बिचारी आहे तिथंच आहे. तुमचेच संच म्हातारे झालेत."

पुढच्या वर्षी देशाला कुठल्या आठवड्यात किती वीज लागेल, याचा अंदाज ही बाई काढायची. अख्खं कार्यालय तिला मागणीवाली म्हणायचं, आणि आता तीसुद्धा फोन उचलला की तेच सांगायची. मास्तरांनी तरी कुठं शाळेत शिकवलं होतं? दुसऱ्याची बेरीज तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून ते मास्तर.

फळा चांगला भिंतभर होता. देशातल्या वीज केंद्रांचे सव्वीस मोठे संच, प्रत्येकाची एक आडवी ओळ. वर्षाचे बावन्न आठवडे, प्रत्येकाची एक उभी खाच. संच मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा असला की त्या आठवड्यांवर त्याची लाल पट्टी बसवायची. फळ्याचा कायदा एकच होता. कुठल्याही आठवड्यात, चालू असलेल्या संचांची बेरीज मागणीपेक्षा पंधरा टक्क्यांनी जास्त भरली पाहिजे. नाही भरली, तर कुणाची तरी लाल पट्टी निघणार.

पट्टी निघाली. मास्तरांनी सवयीनं ती उलटून पाहिली. पट्टी पुढच्या वर्षावर ढकलली की मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख घालायची, अशी पद्धत होती. तिथं एक तारीख असेल, फार तर दोन, असं त्यांना वाटलं होतं. तिथं सहा तारखा होत्या. एकाखाली एक, नीट, वर्षाला एक. आणि प्रत्येक तारखेपुढं तेच तीन शब्द: दोन वर्षांत निवृत्त.

मास्तर शिडीवरच थांबले.

या टेबलावर ते नवीन होते. फळा सांभाळणारा जुना माणूस निवृत्त झाला म्हणून त्यांना इकडं आणलं होतं. त्याआधी अकरा वर्षं ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून देशाचा वीस वर्षांचा आराखडा लिहीत. कुठलं नवं केंद्र कधी उभं राहील आणि कुठला जुना संच कधी मोडीत निघेल, ते त्यांच्या हातानं लिहिलं जाई. हा दुसरा संच दोन वर्षांत निवृत्त होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढच्या वर्षी नदीकाठचं नवं केंद्र लांबलं, तेव्हा निवृत्ती एक वर्ष पुढं घेतली आणि पुन्हा लिहिलं, दोन वर्षांत. मग पुन्हा. दरवर्षी आराखडा नवा छापला जाई, आणि त्यात दरवर्षी हा संच निवृत्तीपासून दोन वर्षांवर उभा असे. इकडच्या टेबलावरची माणसं तो आराखडा वाचून म्हणत, दोन वर्षांनी मोडीतच जायचाय तर आता कशाला उघडायचा? दोन्ही टेबलांच्या मध्ये एक कपाट होतं. सहा वर्षं त्या संचाचा बॉयलर कुणी आतून पाहिला नव्हता आणि चूक कुणाचीच नव्हती.

"मास्तर, चक्कर येतेय का?"

"नाही. पाय आखडला."

ते उतरले. उतरताना त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती, आणि पट्टी दातांत. धाकटीचा नवरा, त्यांचा तीन आठवड्यांचा जावई, त्या दुसऱ्या संचावर ऑपरेटर होता.

*

रविवारी ते जुन्या केंद्रावर गेले. बायकोला म्हणाले, पोरीचं घर बघून येतो. ती म्हणाली, आत्ताच कुठं मांडलंय, आठवडाभर थांबा तरी. ते थांबले नाहीत.

केंद्राच्या भिंतीला लागूनच कामगारांची घरं होती. दोन खोल्या, मागं मोरी, खिडक्यांना धाकटीनं स्वतः शिवलेले पडदे. पडद्यांवर राखेचा बारीक थर बसला होता. जावयानं हसत हसत त्यांना आत घेतलं, आणि पाणी पिऊन होतंय न होतंय तोच म्हणाला, "बाबा, चला, आमची म्हातारी दाखवतो."

"माझ्यापेक्षा तिच्याबद्दलच जास्त बोलतात," धाकटी म्हणाली. "म्हातारीला आज खोकला आहे, म्हातारी आज रुसली आहे. लग्न कुणाशी केलंय तेच कळत नाही मला, बाबा."

बॉयलरच्या दालनात शिरल्याबरोबर मास्तरांच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसून पुन्हा घातला, तेव्हा त्यांना जमिनीवर एक पिवळी रेघ दिसली. जाड, हातानं मारलेली, एके ठिकाणी डबा कलंडल्यासारखा डाग. बॉयलरच्या उत्तरेकडच्या अंगाला वळसा घालून ती पार भिंतीपर्यंत गेली होती.

"ही कशाची?"

"ही आम्हीच मारली. रेघेच्या पलीकडं काम असेल तरच जायचं. आणि काम झालं की तिथं गप्पा मारत उभं राहायचं नाही."

"कुणी सांगितलं असं?"

"सांगायचं कुणी? दोनदा नळी फुटली तिकडची. दोन्ही वेळा जेवणाची सुट्टी होती, म्हणून बरं." शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं तो हे बोलत होता. चावतं कधी कधी, पण ओळखीच्यांना नाही.

"पलीकडं काम काय असतं?"

"ते काय, तिथं दाबाचं घड्याळ आहे. दर तासाला आकडा लिहून आणायचा."

"कोण आणतं?"

"ज्याची पाळी तो."

"कालची पाळी कुणाची होती?"

"माझीच की," जावई म्हणाला. मग त्यांच्या तोंडाकडं बघून पटकन म्हणाला, "बाबा, धावत जातो आणि धावत येतो. वीस पावलं आहेत. मी मोजलीत."

घरी परतल्यावर धाकटीनं चहा दिला. मास्तरांनी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"साखर कमी झाली का?"

"नाही गं. गरम आहे."

निघताना जावई फाटकापर्यंत सोडायला आला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाले, "पडदे धुवायला हवेत. राख बसलीय."

*

मोठ्या साहेबांच्या टेबलावर काच होती, काचेखाली जुन्या आराखड्याचं मुखपृष्ठ होतं, आणि काचेवर नवा आराखडा. मास्तरांनी पट्टी त्याच्यावर पालथी ठेवली. साहेबांनी सहाही तारखा वाचल्या. माणूस वाईट नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि नाकाचा शेंडा चोळला.

"हे असं व्हायला नको होतं," ते म्हणाले.

"याच उन्हाळ्यात उघडायला हवा, साहेब. सहा आठवडे."

"मास्तर, अकरा वर्षं आराखडा लिहिलात तुम्ही. वीस वर्षांनंतरचं सगळं तुम्हाला लख्ख दिसतं. मला फक्त एप्रिल दाखवा. एप्रिलात काय करू?"

"पंधरा टक्के राहणार नाहीत. अकरा राहतील."

"अकरा टक्के घेऊन मी वर गेलो, तर वरचे मला विचारतील की बाकीचे चार कुणाच्या घरी ठेवलेत. एखादा संच बंद पडला की शहरं अंधारात. दवाखाने, पाण्याचे पंप, सगळं." त्यांनी पट्टी उचलून परत दिली. "एकाची पट्टी आत घालायची तर दुसऱ्याची बाहेर काढा. फळा आहे तेवढाच आहे. तुम्ही सुचवा, मी सही करतो. कारण विचारणार नाही."

जावयाचं नाव मास्तरांनी काढलं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ते पुढं स्वतःशी बरेच दिवस म्हणत राहिले.

तीन दिवस ते फळ्यासमोर बसून होते. पाण्यावरचे संच उपयोगाचे नव्हते. उन्हाळ्यात धरणं आधीच तळाला जात. लहान संचांच्या दोन पट्ट्या काढल्या तरी भर पडत नव्हती. त्या आठवड्यांत एवढ्या मोठ्या संचांच्या पट्ट्या चारच होत्या. एका संचाच्या फिरत्या दांड्याला चीर गेल्याचं लेखी आलं होतं. आणखी एकासाठी तो बनवणाऱ्या कारखान्याची माणसं परदेशातून निघालीसुद्धा होती. तिसरा संच ज्या केंद्रात होता, तिथं मागणीवालीचा भाऊ कामाला होता. ती पट्टी मास्तरांनी हातात घेतली, जराशी बाहेर ओढली, आणि पुन्हा आत सारली. का सारली, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

उरला डोंगरापलीकडच्या दूरच्या केंद्राचा चौथा संच. तिथं त्यांचं कुणी नव्हतं. कार्यालयातलं कुणी तिथं कधी गेलंही नव्हतं, रस्ताच दीड दिवसाचा. संच नऊ वर्षांचा, सगळ्यात नवा. ही त्याची पहिलीच मोठी दुरुस्ती. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. फाइल इतकी बारीक होती की दोन बोटांत मावली.

नवा आहे, मास्तर मनाशी म्हणाले, एक वर्ष सहज काढेल. म्हणण्यात खोटं काही नव्हतं. तेच म्हणणं त्यांनी साहेबांपुढं लिहून ठेवलं आणि साहेबांनी सही केली.

चौथ्या संचाची पट्टी त्यांनी उलटली. मागची बाजू कोरी होती, लाकडाचा नवा वास अजून तिला होता. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि पहिली तारीख घातली.

*

दुसरा संच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थंड केला. दहाव्या दिवशी जावयाचा फोन आला.

"बाबा, उघडलं. उत्तरेकडच्या नळ्या बघायला हव्या होत्या तुम्ही. एक कापून काढली तर अंगठ्यानं दाबली जातेय. वरच्या साहेबांनी ती उचलली आणि काही न बोलता खाली ठेवली. कुणाच्या डोक्यात आलं हे उघडायचं, कुणास ठाऊक. भलं होवो त्याचं."

"तू आत जाऊ नकोस."

"आता कशाला भ्यायचं? थंड आहे म्हातारी. आत बसून डबा खाल्ला आज."

फोन ठेवून मास्तरांनी बायकोला म्हटलं, आज जरा जास्त वाढ. किती दिवसांनी ते पोटभर जेवले. बायको म्हणाली, आलात वाटतं माणसांत.

आठवडाभर ते तसे राहिले. मग एका सोमवारी त्यांनी दूरच्या केंद्राला फोन लावला.

दर सोमवारी सगळ्या केंद्रांकडून आठवड्याचे आकडे घ्यायचे, हे कारकुनाचं काम होतं. मास्तर कारकुनाला म्हणाले, हे एक केंद्र मी बघतो, तिकडची लाइन खरखरते, तुला नीट ऐकू येत नाही. कारकुनाला काय, एक फोन वाचला.

पलीकडून फोरमननं उचललं. मोकळ्या घशाचा माणूस, यंत्राच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय झालेला. त्यानं चारही संचांचे आकडे सांगितले. मास्तरांनी ते लिहून घेतले आणि विचारलं, "चौथा कसा आहे?"

"सांगितला की आकडा."

"आकडा लिहिला. आहे कसा?"

"साहेब, तीस वर्षं झाली मला नोकरीला. मुख्य कार्यालयातून 'आहे कसा' असं विचारणारे तुम्ही पहिले. चौथा मजेत आहे. त्याला तुमचा नमस्कार सांगतो."

पुढच्या सोमवारी फोरमन म्हणाला, "आलात का? चौथा वाट बघत होता." त्याच्या पुढच्या सोमवारी त्यानं विचारलं, "तुम्हाला म्हणतात काय तिकडं?" मास्तर म्हणाले, मास्तर. "मग छडी घेऊन विचारा, मास्तर. प्रेमानं विचारलं की आमचा चौथा लाडावतो." त्याला दोन मुली होत्या, दोघींचीही लग्नं झालेली. पाठदुखी होती. बायकोशी बोलणं महिन्यातून चार-पाच दिवस बंद असे. कारण, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, दोघांपैकी कुणालाच आठवत नसे. मास्तर ऐकत आणि हसत. हसताना त्यांचा डावा हात टेबलाखाली गुडघा घट्ट धरून असे.

एकदा फोरमननं सहज विचारलं, "आमची दुरुस्ती पुढच्या वर्षावर का गेली हो? माणसं रजा टाकून बसली होती. सगळी सोय केली होती."

"वरून ठरलं," मास्तर म्हणाले.

"वरून म्हणजे देवाकडून की साहेबाकडून?"

मास्तरांनी पुढच्या संचाचा आकडा विचारला.

मे महिना निम्मा सरला तेव्हा एका सोमवारी फोरमननं थट्टा केली नाही. आकडे सांगितले, मग आपणच म्हणाला, "मास्तर, चौथ्याच्या मोठ्या वाफेच्या पाइपाला वाकणाजवळ शिट्टी येतेय. बारीक. यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही, कान तिकडं नेला तर येते. आणि पाइपावर उष्णता धरायला केलेल्या गुंडाळीला ओल आहे."

"तिथं जोड आहे का?"

"आहे. बांधताना मारलेला. नवा संच म्हणून तो जोड कधी कुणी उघडून बघितला नाही. आता पहिल्या मोठ्या दुरुस्तीत बघायचा होता."



"बंद करा तो."

"मी? बटण माझ्याकडं आहे, मास्तर. अधिकार तुमच्याकडं आहे. आमच्या साहेबांनी तुमच्याकडं लिहिलंय, चार दिवस झाले. पोचलं नाही का?"

पत्र आलं होतं. आवक विभागाच्या टोपलीत होतं. मास्तरांनी स्वतः जाऊन ते शोधलं आणि तसंच, शिक्का मारायलाही न थांबता, मोठ्या साहेबांकडं नेलं.

साहेबांनी ते वाचलं आणि उठून दाराशी गेले. फळा तिथून दिसत होता. दुसऱ्या संचाच्या ओळीत लाल पट्टी होती.

"तो कधी परत येतोय?"

"नळ्या सगळ्याच बदलतायत. अजून चार आठवडे."

"आणि चौथा आत्ता बंद केला तर?"

मास्तरांकडं उत्तर तयार होतं. जिना चढताना त्यांनी ते तीनदा मोजलं होतं. "दुसरा लांबला, आणि ठरलेल्या बाकीच्या दुरुस्त्याही सुरू झाल्यात. चौथाही बंद केला तर दोन टक्के राहतात."

"दोन टक्के म्हणजे काहीच नाही, मास्तर. मला एकट्याला सही करता येणार नाही. समितीपुढं जायला हवं. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी बैठक आहे. टिपण लिहा. कडक लिहा. मी पहिलंच घेतो."

"आधी नाही का बोलावता येणार?"

"सात माणसं आहेत, पाच गावांत. तीसुद्धा आपापला फळा सांभाळून बसलीत." साहेबांनी मास्तरांच्या खांद्याला हात लावला. "नवा आहे म्हणालात ना? बारा दिवस काढेल."

मास्तरांनी टिपण लिहिलं. असं कडक त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. मागणीवालीनं ते टंकायच्या आधी वाचलं.

"तुमचं कुणी आहे का हो तिकडं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तिकडं माझं कुणीच नाही."

*

दिवस मोजायला त्यांना कॅलेंडर लागत नव्हतं. कार्यालयात फोन वाजला की त्यांचा हात लिहिता लिहिता थांबे, आणि तो फोन दुसऱ्याच कुणाचा आहे हे कळेपर्यंत तिथंच राही. घरी किटलीला वाफ आली की ते उठून बाहेर जात. बायकोनं डॉक्टरचा विषय काढला. धाकटीचं पत्र आलं, पडदे धुतले, म्हातारीच्या पोटात नव्या नळ्या बसतायत, जावयाचं वजन वाढलंय. ते पत्र त्यांनी एकदाच वाचलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी फोन लावला तेव्हा शिट्टीचं विचारायला त्यांना धीर झाला नाही. फोरमननंच सांगितलं.

"वाढलीय थोडी. आता कान न्यायला लागत नाही."

"शनिवारी बैठक आहे. पहिलंच घेणार आहेत."

"बरं."

मास्तरांनी खोलीत पाहिलं. मागणीवाली जेवायला गेली होती, कारकून खिडकीशी पाठ करून उभा होता. त्यांनी रिसीव्हर तोंडाजवळ घेतला.

"फोरमन, तुमची पट्टी मी काढली."

"कसली पट्टी?"

"दुरुस्तीची. वरून काही ठरलं नव्हतं. मी काढली. जुन्या केंद्राचा दुसरा संच उघडायचा होता आणि दोघांना जागा नव्हती. त्या दुसऱ्यावर माझा जावई आहे."

पलीकडं पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय करतो जावई?"

"ऑपरेटर आहे."

"लग्नाला किती दिवस झाले?"

"तीन महिने होतील."

"हं," फोरमन म्हणाला. आता तो ओरडून बोलत नव्हता. इतक्या सोमवारांत मास्तरांनी त्याचा खरा आवाज ऐकला नव्हता. तो साधाच होता, थोडा बसका. "कसा निघाला तो संच?"

"नळ्या अंगठ्यानं दबत होत्या."

"मग उघडायलाच हवा होता."

"हो."

"हो," फोरमन म्हणाला. "मास्तर, तुम्ही सांगितलंत, तर मीही एक सांगतो. बाहेर बोललो नाही कुठं. माझा पुतण्या इथं चौथ्यावर फिटर होता. भावाचा एकुलता एक. शिट्टी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला खाली गोदामात बसवला. म्हटलं, तुझं अक्षर चांगलं आहे, नोंदी ठेव. आणि गोदामातला माणूस वर घेतला, त्याच्या जागी. चाळिशीचा आहे. सतरा वर्षं बोल्ट मोजत होता बिचारा. त्याला वाटतंय बढती मिळाली. परवा घरी येऊन आभार मानून गेला. बायकोनं त्याला चहा दिला, मी आतल्या खोलीतून बाहेरच आलो नाही."

मास्तरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आता मी त्याच्याबरोबर उभा राहतो," फोरमन म्हणाला. "त्याची पाळी असली की वाकणापाशी मीच जातो, आणि त्याला म्हणतो, तू मागं थांब, अजून शिकतोयस. पाठ दुखते, पण जातो. एवढंच करता येतं. तुम्हाला तेही करता येत नसेल तिथून."

"नाही."

"नाहीच येणार. घ्या, आकडे लिहून घ्या."

त्यानं चारही संचांचे आकडे सांगितले. मास्तरांनी लिहून घेतले. चौथ्याचा त्यांनी पुन्हा विचारला, आणि फोरमननं पुन्हा सांगितला.

"पुढच्या सोमवारी करा फोन, मास्तर."

"करतो."

दूरच्या केंद्राच्या चौथ्या संचाचा वाफेचा मोठा पाइप त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी पावणेअकराला, वाकणाजवळच्या जोडावर फुटला. फोरमन जागीच गेला. गोदामातून वर घेतलेला माणूस त्याच्यापासून नऊ पावलं मागं होता. तो शनिवारी दवाखान्यात वारला, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, समितीची बैठक चालू होती तेव्हा.